मंदाबाईंच्या हातचे मांडे

भुसावळ सोडून जळगावकडे निघालात की डाव्या हाताला आमचं हॉटेल. पाटीवर तेवीस वर्षं तीनच शब्द होते: मंदाबाईंच्या हातचे मांडे. त्यातले पहिले दोन शेवटची तीन वर्षं खोटे होते. हे मला माहीत होतं आणि माझ्या नवऱ्याला, नितीनला माहीत होतं. मंदाबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, माहीत नव्हतं.

ज्यांनी खानदेशात मांडा होताना पाहिलेला नाही त्यांना आधी थोडं सांगते, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. वस्त्रगाळ पिठाची कणीक तासभर तिंबायची. दोन लाट्यांमध्ये पुरण भरून कडा दाबायच्या. मग लाटणं बाजूला ठेवायचं आणि तो मांडा दोन्ही हातांवर झुलवत वाढवत न्यायचा, पार कोपरापर्यंत. मधे मधे हात तेलपाण्याच्या वाटीत बुडवायचे, ही आमच्या घरची पद्धत. चुलीवर मातीचं खापर उपडं घातलेलं असतं, त्यावर तो अलगद सोडायचा. आतलं पुरण दिसेल इतका पातळ हवा आणि फाटायला नको. किती ताणायचं हे कुणी सांगू शकत नाही, ते हाताच्या कातडीला कळावं लागतं.

सासूबाईंच्या कातडीला ते कळेनासं झालं. मधुमेहाने तळहातांच्या नसा गेल्या. डोळेही अधू झाले. मांडे जाड व्हायला लागले, मधे कच्चे राहायला लागले, एकदा तर एक गिऱ्हाईक अर्धा मांडा ताटात तसाच ठेवून, पैसे देऊन निघून गेलं. त्या दिवशी नितीन म्हणाला, "आईला कळता कामा नये. ती हातावरच उभी आहे." बाबा गेले तेव्हा नितीन नऊ वर्षांचा होता. या बाईने लोकांच्या लग्नांत मांडे करून त्याला वाढवलं, मग हे हॉटेल उभं केलं. तो म्हणाला ते खोटं नव्हतं.

म्हणून मी मागच्या पत्र्याच्या खोलीत दुसरं खापर मांडलं. सासूबाई सकाळी आठ ते दहा मांडे करायच्या, मग कंबर धरली की पुढे गल्ल्यावर जाऊन बसायच्या. त्यांची टोपली मी आत न्यायची आणि मागच्या दाराने गोशाळेत पाठवायची. दहानंतर मी करायची ते मांडे गिऱ्हाइकांच्या ताटात जायचे. सासूबाईंना गोड बंद होतं, त्यामुळे त्यांनी चव घेऊन बघण्याचा प्रश्नच नव्हता. मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं माहेर अकोल्याचं, तिकडे मांडा नाही. मी बघून बघून शिकले, कारण उघड शिकायला बसणं म्हणजे त्यांना सांगणंच झालं असतं. माझ्या मते बरे व्हायचे. गिऱ्हाईक तुटलं नाही, यावरून मी तसं धरून चालले होते.

मग सुई आली.

पेनाएवढी काठी, तिच्या टोकाला सुई. पदार्थात टोचायची आणि दीड मिनिट थांबायचं. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनएची साखळी असते आणि ती शिजवली, वाटली, तळली तरी तिचे तुकडे उरतातच. सुईच्या आत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्या छिद्रांतून तुकडे ओढले जाताना विजेचा प्रवाह किंचित कमीजास्त होतो आणि त्यावरून तुकड्यावरची अक्षरं वाचता येतात. मग मोबाइल सांगतो, हे मटण बोकडाचं आहे की मेंढीचं, सुरमई खरी आहे की दुसराच मासा, आमरसात हापूस किती आणि बाकी काय. खाली बटण: तक्रार दाखल करू का? लोकांनी काय केलं असेल ते तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या वर्षी कुणीतरी मासवडीत मासा नाही म्हणूनही केस टाकली. ग्राहक आयोगाने ती हसून काढून टाकली, पण बाकीच्यांना कुणी हसलं नाही. गावरान कोंबडीच्या पाट्या रातोरात उतरल्या. आमच्या पुढच्या ढाब्यावर 'चुलीवरचं' पुसून 'गॅसवर शिजवून धूर दिलेलं' असं लिहिलं गेलं, आणि गंमत म्हणजे तिथली गर्दी जराही कमी झाली नाही.

आम्हीही हसलो. आमचा गहू खरा, डाळ खरी, तूप खरं. आम्हाला कशाची भीती.

यंदा नवी सुई आली, ती हात ओळखते. आपल्या प्रत्येकाच्या तळहातावर लाखो जंतू राहतात आणि त्यांची सरमिसळ माणसागणिक वेगळी असते. कणीक मळली की ते कणकेत उतरतात. भाजल्यावर मरतात, पण त्यांच्या साखळीचे तुकडे मागे राहतात. कायदाही लगोलग आला: कुणाच्या हातचं म्हणून विकत असाल तर त्या माणसाच्या तळहाताचा नमुना सरकारकडे द्या, आणि पदार्थात त्याच हाताची जुळणी साठ टक्क्यांच्या वर असली पाहिजे. सासूबाईंनी मोठ्या दिमाखात नमुना दिला. घरी येऊन म्हणाल्या, "बरं झालं. आता लोकांले कळीन खरं कोण आणि खोटं कोण."

पाटी उतरवायची ती तेव्हाच. पण उतरवायची तर त्यांना कारण काय सांगणार? नितीन म्हणाला, "मांड्यातले जंतू कोण मोजत बसणार आहे?" आणि मी मान हलवली. आमची चूक ही.

दोन महिन्यांत नोटीस आली. तक्रारदार विश्वनाथ तायडे, वय चौऱ्याहत्तर, रेल्वेतून निवृत्त, राहणार भुसावळ. मजा म्हणजे तक्रारीला सुईचा अहवाल जोडलेलाच नव्हता. साध्या कागदावर हाताने लिहिलं होतं: मी या हॉटेलात पहिल्या वर्षापासून जेवतो. गेली तीन वर्षं हे मांडे मंदाबाईंच्या हातचे नाहीत. मला भरपाई नको. खरं काय ते कळावं.

नोटीस सासूबाईंच्या नावाने होती, लपवता आली नाही. नितीनने वाचून दाखवली. त्यांचा चेहरा लाल झाला. "माझे नही? मग कोणाचे? त्याच्या मायचे?" महिनाभरात कधीही निरीक्षक येऊन नमुना नेणार होता आणि मग आयोगासमोर सुनावणी.

त्या रात्रीपुरती मी हरले होते. सकाळी मला वाटीची आठवण झाली. सासूबाईंची तेलपाण्याची वाटी. दोन तास त्यांचे हात तिच्यात बुडत असत आणि दहा वाजता मी ती मोरीत ओतत असे.

त्या दिवसापासून मी ते पाणी मोरीत ओतलं नाही. फडक्यातून गाळून घ्यायची आणि त्याच पाण्यात गिऱ्हाइकांची कणीक मळायची. माझे हात आधी स्पिरिटने चोळून घ्यायची, कातडी सोलवटेपर्यंत. किळस आली का? आली. तुम्ही आमच्याकडे त्या महिन्यात जेवला असाल तर माफ करा. पण सुईला जे हवं होतं ते त्या वाटीत तयार होतं आणि सुईला एवढंच कळतं, जंतू कुणाचे. मांडा कुणी ओढला हे तिला कळत नाही.

एकविसाव्या दिवशी निरीक्षक बाई बर्फाची पेटी घेऊन आल्या आणि ताटांतले तीन मांडे उचलून घेऊन गेल्या. सासूबाईंनी गल्ल्यावरून त्यांच्यापुढे दोन्ही तळवे पसरले. "बघा ना, बघा. काय बघायचं ते बघा."

सुनावणीला सासूबाई नारायणपेठी नेसून आल्या. केस धुतलेले, अंबाडा नीट घातलेला. नितीन आणि मी त्यांच्या दोन बाजूंना बसलो. समोरच्या बाकावर तायडे. उंच, वाळके, शर्ट कडक इस्त्रीचा. शेजारी त्यांची मुलगी, पुण्याहून आलेली, मांडीवर फाइल घेऊन.

अध्यक्ष मॅडमनी चष्मा लावून अहवाल वाचला. "तिन्ही नमुन्यांत मंदाकिनी फिरके यांच्या हाताची जुळणी सरासरी एकाहत्तर टक्के. मर्यादा साठ. तक्रारदारांना काही म्हणायचंय?"

नितीनने श्वास सोडला तो मला ऐकू आला. मीही सोडला.

तायडे उभे राहिले. "मॅडम, मी चौतीस वर्षं इंजिन चालवलं. गाडी भुसावळला लागली की ड्यूटी संपायची, आणि मंदाताईंचं हॉटेल निघाल्यापासून मी आधी तिथे जायचो, मग घरी. त्यांच्या मांड्याला कडाच नसायची. मधे आणि काठाला सारखाच पातळ. आताच्या मांड्याची कड दातांना लागते. चव तीच, पुरण तेच. कड वेगळी आहे."

ते खरं होतं. कड मला कधीच साधली नव्हती. फाटेल या भीतीने मी काठाशी थांबायची. तीन वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं मी समजत होते.

"बाबा," त्यांची मुलगी हळूच म्हणाली, "मशीन सांगतंय ना आता?" मग ती मॅडमकडे वळली. "सॉरी मॅडम. गेल्या वर्षापासून ते विसरतात. डॉक्टर म्हणाले, या आजारात वास आणि चव सगळ्यांत आधी जाते. यांना ते पटत नव्हतं. म्हणून आमचं ठरलं होतं, यांनी केस करायची. मशीनने यांच्या बाजूने सांगितलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर घर बंद करून माझ्याकडे राहायला यायचं. सोमवारी."

"ठरलं होतं तसं," तायडे म्हणाले. ते बसले. थोडा वेळ त्यांनी गुडघे चोळले. "म्हणजे माझीच जीभ गेली म्हणायची."

मॅडम लिहू लागल्या. तेवढ्यात सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता त्या चार शब्द सुनावणार. त्या समोरच्या बाकापर्यंत चालत गेल्या आणि त्यांनी तायड्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, वाईट नका वाटून घेऊ. माझा राग गेला आता. वय झालं का होते असं. मले पण दिसत नही धड. पण गेली तर गेली म्हणून मान्य करून टाकावं माणसानं. अडून बसलं का घरच्यांले तरास होतो."

तायड्यांनी मान हलवली. "बरोबर आहे तुमचं, ताई."

मी उठायला लागले तशी नितीनने माझं मनगट धरलं. घट्ट. केस संपली होती. बसून राहिलं असतं तर दुपारी आम्ही घरी असतो, पाटी जागेवर असती, आणि सासूबाई पुढची पाच-दहा वर्षं रोज सकाळी आठला खापरासमोर बसल्या असत्या. आणि तिकडे पुण्यात कुठल्यातरी सहाव्या मजल्यावर एक शहाणा माणूस स्वतःच्या प्रत्येक घासावर संशय घेत जगला असता. मला दोघांपैकी एकाला दुखवावंच लागणार होतं. आणि खरं बोलणारा त्या खोलीत एकच होता.

मी हात सोडवून घेतला.

"मॅडम, ते बरोबर सांगताहेत. मांडे मी करते. तीन वर्षं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही शपथेवर बोलताय, लक्षात आहे ना? अहवाल वेगळं सांगतोय."

मी वाटीचं सांगितलं. गाळलेलं पाणी, स्पिरिट, मागची खोली, सगळं. बोलताना मी सासूबाईंकडे बघितलं नाही, ते मला जमणारच नव्हतं. मुलीच्या मांडीवरची फाइल घसरून खाली पडली. ती उचलायचं तिला सुचलं नाही.

"काय बोलून राहिली ही?" सासूबाईंनी नितीनला विचारलं.

नितीन फरशीकडे बघत राहिला.

त्यांना उत्तर मिळालं. त्या माझ्याकडे वळल्या. "आणि मी करत होते ते?"

"गोशाळेत, आई."

"सगळे?"

"सगळे."

त्यांचा हात अजून तायड्यांच्या खांद्यावर होता. तो त्यांनी काढून घेतला. मला वाटलं, त्या बसतील, रडतील, मला काहीतरी बोलतील. त्या ताठ उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमची जीभ शाबूत आहे. मी उगा तुम्हाले शहाणपण शिकवलं." मग मॅडमना म्हणाल्या, "लिहा, मॅडम. माझे नहीत."

तायड्यांना आनंद झाला असेल तर तो दिसला नाही. मुलीने त्यांचा हात धरला होता आणि ती सारखी "सॉरी, बाबा" म्हणत होती. ते सासूबाईंना म्हणाले, "ताई, मी ही केस करायला नको होती."

"काबरं? तुम्ही नसती केली तर मले कोणी सांगितलं असतं?"

हे त्या तायड्यांना म्हणाल्या, पण बघत होत्या आम्हा दोघांकडे. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की हे सगळं त्यांच्यासाठी चाललंय. त्या नजरेपुढे ते टिकलं नाही. मला लाज वाटली, आणि नितीनचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला.

आयोगाने पाटीवरचे पहिले दोन शब्द पुसायला सांगितले आणि नमुन्यात फेरफार केल्याबद्दल मला दंड केला. नंतर नियमही बदलले. आता निरीक्षक स्वयंपाकघरातलं हात बुडवायचं पाणीही तपासायला नेतात. ते पोटकलम माझ्यामुळे आलं. माझं शिक्षण बारावीपर्यंतच झालं, पण कायद्यात एक ओळ माझी आहे.

चार दिवस सासूबाई स्वयंपाकघरात आल्या नाहीत. खोलीचं दार लावून बसायच्या. ताट नितीन नेऊन द्यायचा. मी दिलेलं त्या घेत नव्हत्या. नितीन मला म्हणाला, "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "त्या म्हाताऱ्याचं बिघडलं असतं." तो म्हणाला, "तो आपला कोण लागतो?" आपण चुकलो की काय, हे मी त्या चार दिवसांत शंभर वेळा स्वतःला विचारलं.

पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या आल्या. आपल्या खापरासमोर बसल्या नाहीत. पाट उचलून मागच्या पत्र्याच्या खोलीत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. हाताची घडी घातलेली.

"कर."

तीन वर्षांत मी एकदाही कुणासमोर मांडा केला नव्हता. लाट्या घेतल्या, पुरण भरलं. कडा दाबल्या, उचलला, झुलवायला लागले.

"कणीक सैल आहे," त्या म्हणाल्या. "आणि खांदे काबरं वर घेतले? भांडायले चालली का? खांदे सोड. आता कोपर पुढे. हा डावा हात मागं राहून राहिला तुझा. हा फाटीन."

फाटला. पुरण माझ्या मनगटावर सांडलं, गरम होतं, चटका बसला. तसा काही फार मोठा नव्हता. पण तीन वर्षांत कुणी मला चूक सांगितली नव्हती. मी एकटीच करत होते आणि एकटीच बरे होताहेत म्हणत होते. मला रडू आलं, आवरलं नाही.

सासूबाईंनी मला जवळ घेतलं नाही. "रडून घे आणि हात धू. पुरणात पडीन," म्हणाल्या.

त्या दिवशी चौदा फाटले. बारावा फाटल्यावर त्या उठून माझ्यामागे आल्या, आपले हात माझ्या हातांखाली धरले आणि म्हणाल्या, "मले तर काही लागत नही. तुले लागलं का सांग. जिथं जड लागलं तिथं सोड." मी डोळे मिटले. काठाशी जड लागलं. तिथे मी आजवर थांबत होते. या वेळी थांबले नाही.

तायडे गुरुवारी यायला लागले. अजून भुसावळलाच राहतात, मुलगी महिन्यातून एकदा येऊन जाते. जेवण झालं की सासूबाई त्यांच्या टेबलाशी जाऊन बसतात. ते मान हलवतात, त्या मान हलवतात, आणि मग माझ्या मांड्यांबद्दल माझ्यादेखत असं बोलतात की जणू मी तिथे नाहीच.

गेल्या आठवड्यात नितीनने पेंटरला बोलावलं होतं. पाटीवर नुसतं 'मांडे' उरलंय आणि लोक विचारतात. तो मागच्या खोलीत आला आणि माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "आई, मोनालीच्या हातचे, असं लिहू का? नमुना देऊन टाकू. आता काय, खरंच आहे ना ते."

सासूबाईंनी माझा खापरावरून उतरवलेला मांडा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "नको. आज नको. हातचा म्हणायले हात लागतो. झाला का मी सांगीन."

"आणि नाहीच झाला तर?" मी विचारलं.

"तर नही," त्या म्हणाल्या. "पेंटरले चहा दे आणि पाठव. पुढची लाटी घे, खापर तापलं."